२८ इंच ४ सूत

इंटेरिअर डिझाइनला प्रवेश घेतला तेव्हा एका काकांनी 'इंजिनिअरिंगला नंबर नाही लागला का?' एवढंच विचारलं आणि बशीत चहा ओतला. आत्या अजूनही माझ्या पदवीला 'पडदे लावायचा कोर्स' म्हणते. आर्किटेक्टांचं बरं असतं. त्यांचं बिरुद १९७२च्या कायद्याने राखलेलं आहे. आमचं तसं नाही. प्लायच्या दुकानदाराचा मेहुणासुद्धा संध्याकाळपर्यंत इंटेरिअर डिझायनर होऊ शकतो, आणि होतोच.

दुसऱ्या वर्षी आम्हाला जुन्या नाशकात, सराफ बाजारामागच्या गल्लीतला एक वाडा मोजायला पाठवलं. हातातला टेप बघून आजींनी विचारलं, "पाडणार कधी?" आम्ही विद्यार्थी आहोत म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. तरी त्यांनी स्वयंपाकघर दाखवलं. "इथे चूल, इथे माझा पाट." ओटा नव्हताच. मी वहीत 'ओट्याची उंची : शून्य' असं लिहिलं. सरांनी त्याभोवती लाल गोल काढला.

सरांचा माणूस वेगळा होता. चंदीगड आखणारा आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए, त्याने सगळ्या मापांसाठी हात वर केलेला एक माणूस कल्पिला होता. आधी त्याची उंची १.७५ मीटर होती, पुढे ती १.८३ झाली. कारण काय, तर इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस सहा फुटी असतात! चार वर्षं मी या पोलिसासाठी ओटे काढले, तेही मिलिमीटरमध्ये.

पहिलं काम मिळालं इंदिरानगरच्या मावशीचं. उंची ४ फूट १० इंच. तिने हात वर केला तर बोटं त्या पोलिसाच्या टाळूला जेमतेम टेकतील. "पैशाचं काय गं, घरचीच तर आहेस," म्हणत तिने माझी फी तिथल्या तिथे ठरवून टाकली. स्वयंपाकघर आठ बाय नऊ. शेगडी आग्नेयेलाच हवी, आणि आग्नेयेला नेमका फ्रिज.

फ्रिज हलवायचा ठरल्यावर मी मिस्त्रींना ड्रॉइंग दाखवलं. "फ्रिजची जागा ७२५."

"७२५ काय?"

"मिलिमीटर."

"मॅडम, ते राहू द्या तुमच्यापाशी. सूत बोला."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. चार वर्षांत हा शब्द वर्गात कुणी उच्चारला नव्हता. मी मोबाइलवर भागाकार करेपर्यंत मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून प्लायवर लिहिलंसुद्धा : २८-४. बरोबर होतं, हे मला दोनदा हिशेब करून कळलं.

ओट्याच्या वेळी मात्र मी हटले नाही. ३४ इंच म्हणजे ३४ इंच. मिस्त्रींनी एकदा मावशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि "तुम्ही शिकलेल्या," एवढंच म्हणाले. काळा ग्रॅनाइट बसला, पॉलिश झाला, फोटो झाले. फोटोत मावशी नव्हती, त्यामुळे ते फार छान आले.

दुसऱ्या दिवशी कणीक मळताना मावशीचे खांदे कानांपर्यंत गेले. भाकरी थापायला घेतली तर जोर लागेना. ग्रॅनाइट काही खाली येणार नव्हता. मिस्त्रींनी उरलेल्या प्लायचे तुकडे जोडले, वर ड्रॉवरचाच सनमायका चिकटवला आणि चार इंच उंचीचा पाट करून ओट्यासमोर ठेवला. मावशी त्यावर चढली आणि थाप थाप भाकरी सुरू झाली.

वास्तुशांतीला मला ब्लाउजपीस आणि पाकिटात ५०१ रुपये मिळाले. ओट्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेजारच्या काकूंनी मात्र पाटावर उभं राहून पाहिलं, त्या उतरल्या, पुन्हा चढल्या, आणि त्यांनी मिस्त्रींचा नंबर लिहून घेतला. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तू काय करतेस गं सध्या?"