नऊ आण्यांचा अभिप्राय

बुलढाण्याच्या ज्या वाचकांचा राग छापून निघाला आणि टिकला, त्यांत ताराबाई शिंदे यांचा नंबर पहिला लागतो. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून त्यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध बाहेर पडला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासात या पुस्तकाला मोठा मान आहे आणि तो रास्तच आहे. मात्र त्या मानाच्या हारतुऱ्यांखाली एक साधी गोष्ट झाकली जाते: हे एका चिडलेल्या वाचकाचे पुस्तक आहे. कादंबरी, नाटक, वर्तमानपत्र, पुराण, संस्कृत श्लोक, जे हाती आले ते ताराबाईंनी वाचले आणि कुणाची फारशी गय केली नाही.

त्या काळी बुलढाणा हे वाचनासाठी सोयीचे ठिकाण म्हणता येणार नाही. वऱ्हाड नावाने निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता. रेल्वे मलकापुरात, तिथून वर यायचे तर मोताळ्यावरून राजूरचा घाट चढायचा. पुण्यामुंबईत छापलेली कादंबरी इथवर पोचेपर्यंत नायिकेइतकेच हाल सोसत असणार. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले, आणि लग्न केले ते घरजावई आणून. त्यामुळे त्या घरात सासुरवासाची शक्यता असलीच तर ती जावईबापूंना होती. एवढी तयारी असलेली वाचक मराठी कादंबरीकारांनी गृहीत धरलेली नव्हती.

कादंबरीची तेव्हाची स्थिती अशी. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ साली विधवांची दुःखे कादंबरीत आणली होती, पण खप त्या वाटेने गेला नाही. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि पुढे बराच काळ मराठी नायिका रानोमाळ भटकत राहिली. राजपुत्र, दुष्ट, अरण्य, ताटातूट, मूर्च्छा आणि शेवटी एकत्र येणे असा तो सारा सरंजाम. रिसबुडांनी प्रस्तावनेत याची कैफियतही दिली आहे. तिचा आशय असा की, आपल्या लोकांत लग्नाच्या रीतीच अशा आहेत की कुणाच्या आयुष्यात रंगवण्याजोगे ना सद्गुण सापडत ना दुर्गुण. रोजचे लिहावे तर त्यात रस नाही, म्हणून करमणुकीसाठी अद्भुताची कास धरावी लागते.

रंगवण्याजोगे दुर्गुण सापडत नाहीत, ही तक्रार नीट लक्षात ठेवावी. कारण चौदा वर्षांनी बुलढाण्याच्या एका घरात बसलेल्या बाईने पुरुषांच्या दुर्गुणांची जी यादी दिली, ती पाहता रिसबुडांनी शोध फारच लवकर थांबवला असे म्हणावे लागते. केस पांढरे झाले तरी दहा-अकरा वर्षांच्या पोरीशी बोहल्यावर चढणारे म्हातारे, बायकोचे दिवस पुरे होतात न होतात तोच दुसरी शोधणारे विधुर, लाचखाऊ कामदार, ढोंगी बैरागी, अंगात पाटलोण आणि पायात बूट घालून बायकोने मात्र जुन्या वळणाने राहावे म्हणणारे सुधारक, सगळे तिथे हजर आहेत. दहा कादंबऱ्यांचा ऐवज होता. त्यासाठी अरण्यातही जायला नको होते.

‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ आणि ‘मनोरमा’ नाटक यांची नावे ताराबाई आपल्या निबंधात घेतात. अशा पुस्तकांतून बाई जशी रंगवली जाते, त्यावर त्यांचा आक्षेप आहे. त्यांची समीक्षेची पद्धत एका वाक्यात सांगता येते: गोष्टीतल्या बाईच्या जागी बाप्या उभा करायचा आणि गोष्ट पुन्हा वाचायची. निबंधाचे पूर्ण नावच ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’ हे स्पष्ट करून दाखवण्याची हमी देते. साहस म्हणजे इथे आगळीक, हे वाचकाला पहिल्या काही पानांतच कळून चुकते.

पद्धत साधी असली तरी तिच्यापुढे फार थोड्या प्रेमकथा टिकतात. सावित्रीचेच पाहावे. तिने नवऱ्याचे प्राण यमाकडून परत आणले, म्हणून आजही बायका वडाला सूत गुंडाळतात. ताराबाईंचे म्हणणे असे की, बायकोसाठी यमाच्या दरबारात गेलेला नवरा राहू द्या, निदान त्या रस्त्याला लागलेला तरी कुणाच्या ऐकिवात आहे का? एवढ्या एका प्रश्नावर सारे पतिव्रतामाहात्म्य अडून बसते. नवऱ्याला देव मानायचे तर नवऱ्याने देवासारखे वागायला नको का, हाही त्यांचाच सवाल. आणि देवांची वर्तणूक हा दाखला म्हणून पुढे आलाच, तर पुराणे त्यांनी आधीच वाचून ठेवलेली होती.

रहस्यकथेचा धंदा मराठीत तेव्हा बसलेला नव्हता. पुढे तो नावारूपाला आणणारे गो. ना. दातारशास्त्री १८८२ साली शाळकरी वयाचे होते. ती उणीव वर्तमानपत्रे भरून काढत. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपले नवजात मूल मारल्याचा खटला चालला. फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. या निमित्ताने ‘पुणे वैभव’ पत्राने एकूण स्त्रीजातीच्या बिघडलेल्या चालीवर लेख लिहिला. वाचनालयाच्या रहस्यकथेत तिसऱ्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारे महाभाग असतात. ‘पुणे वैभव’ने तेच केले, फक्त नाव एकीचे न लिहिता सगळ्याच बायकांचे लिहिले.

ताराबाईंना या कथेत एक पात्र गहाळ दिसले. मूल झाले होते, म्हणजे कुठेतरी एक पुरुषही असणार. तो पिंजऱ्यात नव्हता, बातमीत नव्हता आणि संपादकांना त्याची आठवणही झाली नव्हती. विधवेला दुसरे लग्न करू द्यायचे नाही, तिला गोड बोलून फसवायला मात्र मोकळे राहायचे, आणि निस्तरायची वेळ आली की नीतीवर अग्रलेख लिहायचा, हा सारा गुंता त्यांनी उलगडून समोर ठेवला. हेर, भिंग, पावलांचे ठसे यांपैकी काहीही न वापरता झालेला हा तपास मराठीतल्या पुष्कळ नावाजलेल्या हेरांना झेपला नसता.

ललितेतर वाङ्मयाच्या वाट्याला श्लोक आले. बायको म्हणजे संशयांचा भोवरा, उद्धटपणाचे घर, कपटाचे कोठार असे दोष मोजणारा एक संस्कृत श्लोक तेव्हा विद्वानांच्या तोंडी असे. तो भर्तृहरीच्या शृंगारशतकात आहे, म्हणजे ही निंदा चक्क प्रेमकाव्यात मोडते. ताराबाईंनी एकेक दोष घेऊन तो बायकांपेक्षा पुरुषांना किती अधिक शोभतो हे दाखवले. हे काम त्यांनी हेडक्लार्कच्या मुलीला साजेशा चिकाटीने केले आहे. एकही बाब तपासल्यावाचून पुढे सरकवलेली नाही. कुठे कुठे त्या वाहवत जातात आणि तोच मुद्दा तिसऱ्यांदा येतो, हेही खरे. पण भाषा इतकी घरगुती आणि झोंबरी आहे की पुनरुक्तीतही चव राहते. प्रस्तावनेत मात्र त्या, आपण मराठ्यांच्या रिवाजाप्रमाणे घरात कोंडलेली अल्पबुद्धीची बाई, हा आपला पहिलाच प्रयत्न, असे नम्रपणे सांगतात. पुढची पाने वाचल्यावर ही नम्रता कुणी खरी मानली असेल असे वाटत नाही.

अभिप्राय देणाऱ्यावर अभिप्राय आले, ते बरे नव्हते. सत्यशोधक मंडळींतल्या काहींनीही नाके मुरडली. महात्मा फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि नाके मुरडणाऱ्यांत स्वतःचे सहकारी आहेत याची भीड ठेवली नाही. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक काढले नाही. पाचशे प्रती कुठे गेल्या हे कुणी विचारले नाही, आणि जवळजवळ नव्वद वर्षे पुस्तक विस्मृतीत राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ आता बहुतेक परीक्षेपुरत्या वाचल्या जातात.