हंगामपूर्व ट्रकजागरण : तत्त्व आणि प्रयोग

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात ऊसवाहतूक करणारा जुना ट्रक वर्षातून एकदाच विश्रांती घेतो, पण ती पुरेपूर घेतो. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा गळीत हंगाम संपतो, शेवटची खेप वजनकाटा ओलांडून गव्हाणीत रिकामी होते आणि ट्रक गोठ्याच्या कडेला, बाभळीखाली किंवा दैव अनुकूल असेल तर पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला जातो. तेथून पुढे मृगापासून हस्तापर्यंतची सगळी नक्षत्रे त्याच्या टपावर बरसून जातात, आणि खंडेनवमीला झेंडूची माळ घालण्याच्या निमित्ताने माणसे पुन्हा जवळ येतात तेव्हा असे आढळते की तो सुरू होत नाही. याच सुमारास कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपनाचा, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवण्याचा, समारंभ होतो. त्याला अध्यक्ष असतो, सत्यनारायणाची पूजा असते आणि छापील निमंत्रणपत्रिकाही असते. ट्रकच्या इंजिनात अग्नी प्रदीप्त करण्याच्या विधीला असा कोणताही संस्थात्मक आधार नसल्यामुळे त्याचे शास्त्र मौखिक परंपरेतच राहिले असून, ती उणीव अंशतः भरून काढणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

नमुन्यादाखल येथे टाटा १२१० जातीचा ट्रक गृहीत धरला आहे. टाटा आणि जर्मनीतील डाइमलर-बेंझ यांचे सहकार्य जमशेदपूर येथे १९५४ मध्ये सुरू झाले आणि १९६९ मध्ये संपले. त्यानंतर हा वंश स्वतंत्रपणे वाढला. या घराण्यातील इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी, कारण 'प्लग साफ केला का' असे विचारणारा एक तरी मोटारसायकलस्वार अशा प्रसंगी हजर असतोच. रुडॉल्फ डिझेल याने १८९० च्या दशकात सिद्ध केलेले तत्त्व असे की, सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्श्याइतकी दाबली असता ती इतकी तापते की तिच्यात सोडलेली डिझेलची बारीक फवार आपोआप पेट घेते. यावरून ट्रकला तीनच गोष्टी लागतात हे उघड आहे : इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा दाबली गेली पाहिजे आणि डिझेल वेळेवर पोहोचले पाहिजे. चौथी गोष्ट लागत नाही. मात्र भोवती जमलेल्या प्रत्येकाजवळ ती असते.

न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ट्रकच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा लागतो. शब्दप्रमाण, म्हणजे जाणत्या माणसाचे वचन, सर्वांत आधी उपलब्ध होते, कारण गावातील निवृत्त ड्रायव्हर ट्रकपासून वीस फुटांवर असतानाच 'पंप गेला' असे सांगून मोकळा होतो. त्यामागोमाग उपमान येते, ज्यात पाहुण्यांच्या लेलँडला तीन वर्षांपूर्वी असेच झाले होते हे सविस्तर कथन केले जाते. अनुमान हे प्रत्येक जण आपापल्या व्यवसायाला धरून करतो. त्यामुळे वायरमनला दोष वायरिंगमध्ये दिसतो, फिटरला हेडमध्ये आणि टायरवाल्याला, विषय इंजिनाचा असला तरी, मागच्या जोडचाकात. प्रत्यक्ष, म्हणजे बोनेट उघडून आत पाहणे, हे सर्वांत शेवटी आणि बहुधा क्लीनरकडून घडते. शिवाय निदान जितके खर्चिक तितकी निदान करणाऱ्याची प्रतिष्ठा मोठी, असा या शास्त्राचा अलिखित नियम आहे : 'टर्मिनल सैल आहे' म्हणणाऱ्याला कोणी चहा विचारत नाही, तर 'हेड उतरवावं लागतंय' म्हणणाऱ्याला घरातून खुर्ची आणून देतात. या मार्गदर्शनात स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जाण्याची शिफारस केली आहे. त्यामुळे मालकाच्या गावातील वजनाला बाधा आल्यास तो दोष पद्धतीचा मानू नये.

सर्वांत स्वस्त कारण म्हणजे स्टॉपची मूठ. जुने डिझेल इंजिन किल्लीने बंद होत नाही. डॅशबोर्डवरील एक मूठ ओढली की तिची केबल पंपाकडून जाणारे डिझेल तोडते आणि इंजिन थांबते. एप्रिलमध्ये ओढलेली ही मूठ ऑक्टोबरमध्येही ओढलेलीच असते, किंवा मूठ आत जाते पण पावसाळ्यात गंजलेली केबल पंपावरील दांडीला मागे येऊ देत नाही. म्हणून मूठ न पाहता थेट दांडी पाहावी आणि ती हाताने हलवून चालू स्थितीत आणावी. या तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि बहुधा याच कारणामुळे ती कोणी करत नाही.

त्यानंतर, सेल्फ मारण्यापूर्वी, ऑइलचा गज काढून पाहावा. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजून पुढील सर्व प्रयोग थांबवावेत. सायलेन्सरचे तोंड आकाशाकडे असलेल्या ट्रकमध्ये पावसाचे पाणी थेट सिलिंडरपर्यंत उतरू शकते, आणि पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे अशा स्थितीत इंजिन जोराने फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. यास्तव क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून घेणे इष्ट. ते अजिबात फिरत नसेल तर फिटरला खुर्ची देण्याची वेळ खरोखरच आली आहे.

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिली गती देणारी विजेची मोटर. किल्ली फिरवल्यावर ती गप्प राहते, टिकटिक करते किंवा कण्हत फिरते, आणि या तिन्ही अवस्थांत 'बॅटरी बसली' हे निदान एकमताने होते. ते पुष्कळदा बरोबरही असते. उभ्या ट्रकची बॅटरी आपोआप उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत ती महिनोन्‌महिने राहिली की आतील शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो, जो नंतरच्या चार्जिंगने पूर्णपणे जात नाही. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या खाली गेला असेल तर ती रिकामी समजावी. तथापि नवी बॅटरी घेण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा : हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे मालवत असतील तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत आहे. दिवे तसेच लखलखत राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर दोष सेल्फच्या बाजूला आहे. जोडणीचा दोष म्हणजे टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी, जी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली असता जाते, आणि चासीला बांधलेली अर्थची वायर, जिच्याखालचा गंज खरवडावा लागतो. उंदरांनी सीटखालच्या वायरींचे जे केले असेल ते वेगळेच. एप्रिलमध्ये बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवली असती तर निम्मे प्रकरण टळले असते, परंतु एप्रिलमध्ये ट्रक सुरू होत असतो आणि सुरू होणाऱ्या ट्रकचा विचार कोणी करत नाही.

शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी उसनी आणताना दोन्हींचे व्होल्ट सारखे आहेत हे पाहावे, कारण काही ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. शेवटची निगेटिव्ह वायर बॅटरीवर न लावता दूर चासीच्या उघड्या लोखंडावर लावावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो, आणि विडी ओढत मार्गदर्शन करणाऱ्या मंडळींना हे आदराने, पण लवकर सांगावे.

सेल्फ जोमाने फिरतो आणि तरीही इंजिन धरत नाही, ही या शास्त्रातील सर्वांत समृद्ध अवस्था होय. येथे धुराकडे पाहावे. धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे समजावे, हे तर्कशास्त्राचे जुने उदाहरण ट्रकने खोटे पाडले आहे. सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ असते, त्यावरून डिझेल पोहोचले असल्याचे सिद्ध होते आणि अग्नी मात्र नसल्याचे. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही, आणि त्याचे नेहमीचे कारण 'एअर घेतली' या दोन शब्दांत सांगितले जाते. सहा महिन्यांत रबरी नळ्या तडकतात, वॉशर वाळतात, पाइपातले डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरते आणि त्याच्या जागी हवा शिरते. पंप डिझेल दाबू शकतो, हवेला मात्र तो नुसता कुरवाळत बसतो. उपाय असा : फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून फीड पंपावरची हाताने चालवायची मूठ, म्हणजे प्रायमर, दाबत राहावे, आधी फेस, मग बुडबुडे आणि शेवटी निर्मळ डिझेल आले की स्क्रू आवळावा. तीच क्रिया मुख्य पंपावर करावी, ज्याला उत्पादक कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलले तरी गॅरेजमध्ये आजही मायको पंपच म्हणतात. एवढ्याने भागले नाही तर नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारावा, पण तेथे बोट लावू नये, कारण त्या दाबाने सुटलेली धार कातडीत शिरते.

हवा न निघता पाणी निघाले तर त्याचा उगम टाकीत शोधावा. अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवेचे दव तळाशी साचते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळपट गाळ तयार होतो. पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवणे हा यावरचा शास्त्रोक्त उपाय असला, तरी बाभळीखाली उभ्या ट्रकची भरलेली टाकी रात्रीतून स्वतःहून रिकामी होत असल्यामुळे तो ग्रंथांतच राहिला आहे.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये व मध्ये मिनिटभर थांबावे. हा नियम पाळला जात नाही, आणि बॅटरी पुन्हा बसल्यावर चर्चा अग्निकांडाकडे वळते : डिझेलात भिजवलेला बोळा पेटवून हवेच्या नळीसमोर धरावा, असे कोणीतरी सुचवतो. फिल्टर, वायरिंग आणि भुवया यांना असलेला धोका लक्षात घेता ही प्रथा त्याज्य होय. त्यापेक्षा टोचन बरे. टोचन म्हणजे साखळीने किंवा दोराने ट्रक दुसऱ्या वाहनामागे ओढणे. यासाठी ट्रॅक्टर योजावा, ट्रक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून क्लच दाबलेला ठेवावा आणि गती आल्यावर तो सोडावा. इंजिन बंद असताना ब्रेकला हवेचा दाब मिळत नाही, म्हणून हा प्रयोग उतारावर करू नये. आणि ज्या ट्रकला स्प्रिंगचे पार्किंग ब्रेक आहेत त्याची चाके हवेशिवाय सुटतच नाहीत, तेव्हा तो ट्रॅक्टरलाच उभा धरून ठेवतो.

इंजिन अखेर धरते तेव्हा ते नेमके कशामुळे धरले याचा निर्णय काकतालीय न्यायाने होतो, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते : ज्याचा हात शेवटी लागला त्याचा उपाय खरा ठरतो. दुपारभर प्रायमर दाबणारा क्लीनर या इतिहासात येत नाही. ऐनवेळी टपावर थाप मारणारा येतो, आणि पुढील वर्षी थापेपासूनच आरंभ केला जातो.

यानंतर ऑइलचा दाब चढतो का ते पाहावे, हवेच्या टाक्या भरू द्याव्यात आणि ड्रमला चिकटलेले ब्रेक लायनर सुटेपर्यंत ट्रक पुढेमागे हलवावा. फिटनेस आणि विम्याची मुदत पावसाळ्यात संपलेली असेल तर रस्त्यावर येण्यापूर्वी ती कामे उरकावीत. मुख्य म्हणजे, अल्टरनेटरने बॅटरीत पुरेसा भरणा करेपर्यंत इंजिन बंद करू नये. व्यवहारात मात्र उभ्या गाडीत डिझेल जळताना मालकाला पाहवत नाही. तो स्टॉपची मूठ ओढतो, आणि घराकडे निघालेली मंडळी हातातला चहा तसाच घेऊन परत फिरतात.