हे मला येत होतं!

दहावीचं वर्ष मुलांसाठी अभ्यासाचं असतं, आईबापांसाठी खरेदीचं. गाइड झालं, अपेक्षित प्रश्नसंच झाले, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका झाल्या, की नजर फ्लॅश कार्डांच्या खोक्यावर जाते. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी भाबडेपणाने विचारलं, "यानं मार्क वाढतात का हो?" मालकांनी पावतीवरून मान वर न करता सांगितलं, "आमच्याकडे कार्डं मिळतात. मार्क बोर्डाकडे."

खोका मात्र देखणा. गुळगुळीत कार्डं, गोल कोपरे, पुढे प्रश्न, मागे उत्तर. कन्येने प्लॅस्टिक फाडलं, कार्डं पिसली आणि आवर्त सारणीला हात घातला.

"मॅग्नेशिअमचा अणुअंक?" प्रश्न संपायच्या आत कार्ड उलटलं. "बारा. येत होतं."

"ॲल्युमिनिअम?" उलट. "तेरा. हेही येत होतं."

चहाला उकळी येईपर्यंत मूलद्रव्यं संपली. मी मधलंच एक कार्ड उचललं, उत्तराची बाजू माझ्याकडे धरली आणि विचारलं, "क्लोरीन?" तिने पंख्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे, जरा रागाने. "सतरा," मी म्हणालो. "बाबा, हे मला येत होतं!"

या 'येत होतं'वर संशोधन झालेलं आहे. रोडिजर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे. पाच मिनिटांत परीक्षा घेणारं बोर्ड अजून निघालेलं नाही, त्यामुळे निकाल आठवणाऱ्यांच्या बाजूने लागतो. म्हणजे कार्डाचा गुण ना पुढच्या बाजूला, ना मागच्या. तो आहे मधल्या त्या पंख्याकडे बघण्यात. नेमकं तेवढंच खोक्यात भरून विकता येत नाही.

"विकतची कशाला? स्वतः करावीत," असा एक पक्ष आमच्याच स्वयंपाकघरात आहे. त्यात तथ्यही आहे. काय लिहायचं नि काय गाळायचं हे ठरवतानाच निम्मा धडा डोक्यात जातो. पण घरी कार्डं करायला घेतली की आधी स्केचपेनं येतात, मग चमकी येते. रविवार संध्याकाळपर्यंत 'गुरुत्वाकर्षण' या शीर्षकाला सुरेख सावली पडलेली असते आणि त्याखाली काहीही नसतं. विकतचं कार्ड निदान हा रविवार वाचवतं.

कार्डं विकतची असोत की घरची, कोणतं कधी विचारायचं यासाठी जर्मनीचे विज्ञान पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली कार्डांसाठी कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा भेटतं. चुकलं की पहिल्या कप्प्यात परत येतं आणि लगेच भेटतं. आमच्याकडे उलटा कारभार आहे. आलेलं कार्ड दिवसातून चारदा विचारलं जातं, कारण ते येतं. चुकलेलं सोफ्याखाली जातं.

आणि सगळंच काही कार्डावर मावत नाही. संज्ञा, सूत्रं, सनावळ्या मावतात. केप्लरचा नियम मावतो, त्यावरचं उदाहरण मावत नाही. 'शास्त्रीय कारणे लिहा' आणि 'फरक स्पष्ट करा' यांच्यासाठी वहीच उघडावी लागते. ती कोरी निघाली, तर 'येत होतं' म्हणायचीही सोय राहत नाही.

जुने मास्तर कार्डांशिवायच आठवायला लावायचे. चालता चालता मागे वळून "तेरा साती?" म्हणून गाठायचे आणि उत्तर येईपर्यंत हलायचे नाहीत. त्या प्रश्नाला पाठच नसायची, उलटणार काय?

तेव्हा कार्डं खुशाल विकत घ्यावीत, आणि शक्य असेल तर उत्तराची बाजू आपल्याकडे धरून बसणारं एक चिवट माणूस घरातूनच मिळवावं. प्रकाशकांना माझी एवढीच विनंती आहे, की प्रत्येक कार्डावर 'उलटण्याआधी दहा आकडे मोजा' अशी सूचना छापा. मात्र ती मागच्या बाजूला छापा. तीच आधी वाचली जाते.