वाजणाऱ्या ब्रेकविषयी लीड्सहून चंद्रपुरास



आई-बाबांच्या चंद्रपूरच्या मोटारीतून व्हिडिओ कॉलवर जी किंचाळी ऐकू येते, तिच्याविषयी घरात दोन मते प्रचलित आहेत. आईंच्या मते तो ब्रेकचा आवाज असून गाडी मिस्त्रीकडे न्यावी. बाबांच्या मते लोहारा-चिचपल्लीवरून मूलकडे जाताना तो उपकारकच ठरतो, कारण जंगलपट्ट्यात हॉर्न न वाजवताही चितळ-सांबर बाजूला होतात. या दुसऱ्या उपपत्तीतील अडचण अशी की, आवाज होतो ब्रेक दाबल्यावर आणि ब्रेक दाबला जातो चितळ समोर आल्यावर. त्यामुळे सूचना व चितळ एकाच वेळी पोचतात.

चाकाबरोबर फिरणाऱ्या, बहुधा बिडाच्या चकतीला डिस्क म्हणतात आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या यंत्रणेला कॅलिपर. या चिमटीच्या आत पोलादी पाठीवर घर्षणद्रव्याचा थर चिकटवलेल्या ज्या पट्ट्या असतात, ते ब्रेक पॅड होत. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. पुष्कळ पॅडना धातूची एक लहानशी जीभ मुद्दाम बसवलेली असते, जी थर झिजल्यावर डिस्कला घासून चिरका आवाज काढते. म्हणजे बाबा ज्याला गाडीचा स्वभाव म्हणतात, ती बहुधा कारखान्यानेच करून ठेवलेली तक्रार आहे.

प्रत्येक आवाज झिजेचाच असतो असे मात्र नाही. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी चार-सहा वेळा ब्रेक दाबताच तो आवाजासह निघून जातो. आलापल्ली-एटापल्ली मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात. तेथून मावशींकडे जाऊन आलेल्या गाडीच्या पॅड व डिस्क यांच्यामध्ये तांबडी धूळ अडकली असेल, तर तीही किरकिरते. पण सकाळ-दुपार न पाहता टिकणारा चिरका आवाज झिजेकडे बोट दाखवतो. आणि त्याची जागा ‘खर्र खर्र’ अशा घरघरीने घेतली की थर संपून लोखंडावर लोखंड घासते आहे असे समजावे व गाडी हलवू नये.

शेजारच्या काकांनी सुचवलेल्या खोबरेल तेलाविषयी येथे स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. ब्रेक म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. पॅडवर तेल पडल्यास घर्षणच नाहीसे होते, आवाज थांबतो आणि गाडी थांबत नाही. बॉनेटखालच्या डबीतील ब्रेक ऑइल कमी झाले म्हणून बाबांनी ते भरले, ही गोष्टही विचारात घेण्याजोगी आहे, कारण पॅड झिजले की कॅलिपरचा दट्ट्या पुढे सरकतो आणि डबीतील पातळी आपोआप उतरते. म्हणजे जो पुरावा डोळ्यांसमोर होता, तो बाबांनी वरून ऑइल ओतून बुजवला.

तपासणीसाठी सपाट जागा, मागील चाकांना दगड आणि आईंच्या हातात टॉर्च एवढे पुरते. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, परंतु त्यावर विसंबू नये. कॅलिपरच्या पिना अडकल्या असल्यास आतला पॅड अधिक झिजतो आणि तो पाहण्यास चाक काढावे लागते, जे काम मिस्त्रीनेच करावे, कारण बाबांच्या कंबरेचा इतिहास सर्वज्ञात आहे. पॅड बदलताना डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, अन्यथा ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढते.

इंग्लंडात ३ वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी एमओटी नावाची सक्तीची तपासणी होते आणि पॅडचा थर १.५ मिलिमीटरच्या खाली आढळल्यास गाडी नापास होते. भारतात खासगी मोटारीला पहिली १५ वर्षे असा वार्षिक परीक्षक भेटत नाही, त्यामुळे ते काम सध्या आईंच्या कानांकडे आहे व त्यांनी निकाल दिलेला आहे.

तरी बाबांनी याच आठवड्यात गाडी गॅरेजला न्यावी, काढलेल्या जुन्या पॅडचा फोटो पाठवावा आणि तोवर मूलला जाणे झालेच तर एसटीने जावे, ही विनंती.