यवतमाळहून बालेवाडी : नवख्या टेनिस-प्रेक्षकांसाठी सूचना

यवतमाळात मोठी टेनिस स्पर्धा भरत नाही, हे आधी मान्य करावे. जायचे ते पुण्याच्या बालेवाडीला. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने निघावे. रेल्वेच हवी असेल तर धामणगाव गाठून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरावी. घरी मात्र ‘टेनिस’ हा शब्द काढू नये. तुरीची सवंगणी अन् कापसाचा भाव सोडून माणूस दुसऱ्यांचा चेंडू पाहायला इतक्या लांब जातो, हे आपल्याकडे कोणाला पटत नाही. ‘पुण्याला काम आहे’ एवढे पुरते. पोरगा हिंजवडीत नोकरीला असेल तर राहायचीही सोय झाली.

पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठा खेळाडू पाहायच्या हट्टाने जाऊ नये. बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेत एकेरीला 28 खेळाडू असत आणि पहिल्या चार मानांकितांना पहिली फेरी माफ असे. म्हणजे सोमवारी मोठा माणूस दिसलाच तर सराव करताना. शेवटच्या दिवसासाठी थांबावे, तर त्याचाही भरवसा नाही. 2014 चा यूएस ओपन विजेता मारिन चिलिच 2023 ला अव्वल मानांकित होता. एक सामना खेळला आणि गुडघ्यामुळे घरी गेला.

आता खरी परीक्षा. शंकरपटात बैलजोडी सुटली की ओरडायचे असते. इथे खेळाडू सर्व्हिससाठी चेंडू जमिनीवर आपटू लागला की गप्प व्हायचे, आणि गुण संपेपर्यंत गप्पच राहायचे. फोन वाजला तर खुर्चीवरचा अंपायर ‘प्लीज’ म्हणतो आणि सगळे स्टेडियम तुमच्याकडे वळून पाहते. मधेच उठायचे नाही. उठायची मुभा खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच, म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गेम संपल्यावर.

इथे खर्ऱ्याचा प्रश्न येतो. तोंडात खर्रा असला की माणूस आपोआप गप्प बसतो, हे खरे. त्या हिशोबाने आपला जिल्हा टेनिससाठी जन्मला आहे. पण गेम चौथा असेल, ड्यूसवर ड्यूस, म्हणजे बरोबरीवर बरोबरी, होत असतील आणि पिंक टाकायला उठता येत नसेल, तर त्या यातना कोणत्याही खेळाडूहून मोठ्या. पुडी गेटवर काढून घेतील, तेव्हा वाद घालू नये. ते तुमच्या भल्याचेच आहे.

गुण 15, 30 असे जातात आणि मग 45 ऐवजी 40 होतात. का, ते शेजारच्या पुणेकराला विचारू नये. तो सांगेल.

चेंडू तुमच्या मांडीवर येऊन पडला तर परत द्यावा. भाच्यासाठी खिशात घालू नये.

परतीची गाडी सामन्याच्या अंदाजाने ठरवू नये. महाराष्ट्र ओपनच्या 2019 च्या अंतिम सामन्यात 39 वर्षांचा इव्हो कार्लोविच आणि केविन अँडरसन समोरासमोर होते. दोघेही सहा फुटांच्या कितीतरी वर. तिन्ही सेट टायब्रेकरला गेले आणि अँडरसन जिंकला. सहाची ट्रॅव्हल्स पकडणाऱ्याने असा सामना पाहू नये.

एकेरी संपली की लोक वडापावकडे पळतात. तुम्ही बसून राहा. दुहेरीत चेंडू जाळ्याजवळ इतका पटापट फिरतो की मान वळवायलाही सवड मिळत नाही, आणि आपली माणसे जिंकतात तीही दुहेरीतच. 2022 ला रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन बालेवाडीतच जिंकले.

आणि हो, निघण्यापूर्वी स्पर्धा आहे का ते पाहून घ्यावे. महाराष्ट्र ओपन 2018 साली चेन्नईहून पुण्याला आली, 2023 नंतर गेली. तिच्या आठवड्यात आता हाँगकाँगला खेळतात. बालेवाडीला उरली आहे चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालची स्पर्धा. नाक मुरडू नका. मुंबईत 2017 साली अशाच खालच्या पायरीवरची स्पर्धा जिंकून गेलेली 19 वर्षांची मुलगी आर्यना सबालेंका होती. आणि 2024 ला बालेवाडीची चॅलेंजर जिंकलेल्या व्हॅलेंटिन वाशरोने पुढच्याच वर्षी शांघायच्या उपांत्य फेरीत जोकोविचला हरवले आणि ती स्पर्धाही जिंकली, तेव्हा जागतिक क्रमवारीत तो 204 वा होता.