अनवाणी आरोग्य : वणी परिसराच्या विशेष संदर्भात

अनवाणी चालण्याच्या आरोग्यलाभांविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यातील बहुतेक लेखकांनी पायाखाली हिरवळ गृहीत धरलेली आढळते. आणि हिरवळ ही विदर्भातील वणी तालुक्यात वर्षातील मोजके महिने, तेही गुरांच्या संमतीनेच टिकणारी वस्तू असल्यामुळे, या शास्त्राची स्थानिक बाजू स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते.

शास्त्राचा मूळ सिद्धान्त निराधार नाही. मानवी पाऊल २६ हाडांचे असून त्याच्या आतल्या कडेला कमान असते, म्हणजे माणूस उभा राहिला तरी जमिनीला न टेकणारा भाग असतो, आणि ही कमान बालपणी घडत जाते. मंगळूर येथील राव आणि जोसेफ या संशोधकांनी २३०० मुलांची पाहणी करून १९९२ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी ८.६ टक्के मुलांचे पाऊल सपाट, म्हणजे कमान न घडलेले होते, तर अनवाणी मुलांत हे प्रमाण २.८ टक्के होते. त्यातही बंद बूट सर्वांत वाईट ठरले आणि चप्पल मधल्या क्रमांकावर राहिली. हे निष्कर्ष शिक्षणक्षेत्रापर्यंत अद्याप पोहोचलेले दिसत नाहीत, कारण विदर्भासारख्या उष्ण प्रदेशातही काळे बूट आणि पांढरे मोजे यांवाचून विद्या पायरी चढत नाही, अशी अनेक शाळांची श्रद्धा आहे.

तळपायाच्या घट्ट्याविषयी, म्हणजे घर्षणाने जाड झालेल्या कातडीविषयी, केनियात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवले की घट्टा कितीही जाड झाला तरी स्पर्शाची जाणीव त्यामुळे बोथट होत नाही. संशोधकांना हे शुभवर्तमान वाटले असले, तरी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीखालून जाणाऱ्या माणसाला त्यात फारसे नवे वाटणार नाही. धुरा संपला की सराटे सुरू होतात. सराटा म्हणजे गोखरूचे काटेरी फळ, आणि गोखरूची गणना आयुर्वेदाने दशमुळांत केलेली असल्यामुळे, अनवाणी चालणाऱ्याला एक मान्यताप्राप्त औषधी वनस्पती वैद्याच्या चिठ्ठीशिवाय व अनुपानाशिवाय थेट टाचेतून मिळते, असे म्हणण्यास हरकत नाही. तो काटा आत मोडून राहिला आणि पुढे त्याचे कुरूप झाले, तर घरातील वडीलधारी माणसे बिब्बा तापवून चटका देतात. म्हणजे एका वनस्पतीने केलेला उपचार दुसऱ्या वनस्पतीने निस्तरला जातो.

जमिनीचेही स्वतःचे मत असते. या भागातील काळी माती पावसाळ्यात इतकी चिकट होते की चप्पल घालून वावरात गेलेला माणूस चप्पल हातात घेऊनच परततो, आणि उन्हाळ्यात तीच माती भेगाळते व पारा ४५ अंशांच्या आसपास गेला म्हणजे दुपारी डांबरी रस्त्यावर उघडे पाऊल ठेवणे हा व्यायाम न राहता स्वयंपाकाचा प्रकार होतो. शिवाय ओल्या, अस्वच्छ मातीतून अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत, तळपायाच्या कातडीतूनच शरीरात प्रवेश मिळवतात. निसर्गाच्या सान्निध्याचा याहून निकटचा प्रकार कल्पिणे कठीण आहे.

‘अर्थिंग’ नावाच्या अलीकडील मताचा येथे विशेष विचार केला पाहिजे. उघडे पाऊल जमिनीला टेकले की जमिनीतील इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋणभारित सूक्ष्मकण, शरीरात येऊन दाह शमवतात, असे हे मत सांगते. त्याच्या पुष्ट्यर्थ दाखवले जाणारे प्रयोग मात्र थोडे आणि लहान आहेत. वणीकडच्या शेतकऱ्याला हा शब्द विहिरीवरच्या मोटारपंपामुळे पूर्वीपासूनच ठाऊक आहे. रात्रीची वीज आली की ओल्यात उभा राहून स्टार्टरच्या पेटीला हात लावण्यापूर्वी तो पायात रबरी चप्पल असल्याची खात्री करतो, कारण शरीर जमिनीशी थेट जोडलेले असेल तर पेटीत उतरलेला करंट त्याच शरीरातून जमिनीत जातो. इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते हे प्रतिपादन त्या ठिकाणी निर्विवाद सिद्ध होते. फक्त लाभार्थी उरत नाही. परिसरातील कोळसा खाणींत तर संरक्षक जोडे नियमानेच बंधनकारक असल्यामुळे, भूमातेच्या सर्वांत आत शिरणारा वर्गच भूस्पर्शाच्या लाभांपासून कायद्याने वंचित राहिला आहे.

वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याला गेले की विनोदाला थोडे थांबावे लागते. तेथे बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात ज्यांना आसरा मिळाला, त्यांच्या रोगाने, म्हणजे कुष्ठरोगाने, तळपायाची वेदनाच नाहीशी होते. काटा रुतलेला, भाजलेले, चिघळलेले काहीच कळत नाही, आणि म्हणून अशा रुग्णांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची खास चप्पल हे औषधाइतकेच महत्त्वाचे साधन मानले जाते. मधुमेहात नसा बधिर झालेल्यांनाही डॉक्टर घरातसुद्धा अनवाणी फिरू नका असे बजावतात. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत मात्र दवावर अनवाणी चालण्याचा आग्रह नेमका मधुमेह्यालाच सर्वाधिक केला जातो, आणि त्याने साखर उतरते असे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या पायात बहुधा जाड तळव्याचे बूट असतात.

अनवाणीपणाचा सर्वांत मोठा सामुदायिक प्रयोग शास्त्रज्ञांनी नव्हे, देवीच्या भक्तांनी चालवला आहे. शारदीय नवरात्रात नऊ दिवस चप्पल सोडणारे स्त्री-पुरुष महाराष्ट्रभर दिसतात, आणि या व्रताला आश्विन महिना लाभला यात पूर्वजांचा व्यवहार दिसतो, कारण तोवर चिखल वाळलेला असतो आणि जमीन अजून तापायची असते. चैत्रातही नवरात्र येते, परंतु त्या वेळी पायांची भक्ती लक्षणीय प्रमाणात घटते. दसऱ्याला व्रत संपते, सोने लुटण्यासाठी नवी चप्पल पायात चढते, आणि नऊ दिवस खडे-काटे बिनतक्रार सोसलेला पाय त्याच संध्याकाळी, चप्पल चावली म्हणून, लंगडत घरी येतो.