अर्ध्याची हकालपट्टी

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत 7 ला 2 ने भागलं की उत्तर येतं 3. उरलेलं अर्धं शोधत बसू नये. दोन पूर्णांक भेटले की संततीही पूर्णांकच, असा त्या घराण्याचा रिवाज आहे. उत्तर ‘डबल’ प्रकारच्या चलात ठेवूनही उपयोग नाही, कारण भागाकार आधीच उरकलेला असतो, शून्य दशांश मागाहून चिकटतो. 50 पैकी 45 गुण मिळवणाऱ्याची टक्केवारी 45 / 50 * 100 अशी काढली, तर पठ्ठ्या शून्यावर! शंभराने आधी गुणलं की तोच नव्वदीत.

जाणकार म्हणतात, नियम कागदोपत्री आहे आणि यादीची पानं मोजायला तो कामी येतो. येतो खरा, 41 वस्तू, पानाला 20, म्हणजे पानं 2 आणि एकेचाळिसावी वस्तू बेघर. पायथॉनने 2008 साली तिसऱ्या आवृत्तीत साध्या भागाकाराचं उत्तर 3.5 केलं आणि अपूर्णांक ज्याला नको त्याने दोन तिरक्या रेघा माराव्यात असं ठरवलं. इकडे उलटा कारभार: अपूर्णांक हवा असेल तर अर्ज करा, 2 च्या जागी 2.0 लिहा. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट 3.5 दाखवते, सर्व्हरवरची जावा 3 नोंदवते, आणि दोघीही आपापल्या नियमाने बरोबर असतात.